पाचशे द्राख्मांचं नातं : ग्रीक-रोमन पुराणकथा राजकारणात कशा चालत

इ.स.पू. २०६च्या आसपासची गोष्ट. आजच्या तुर्कस्तानच्या नैऋत्य भागात झॅन्थॉस नावाचं शहर होतं. मध्य ग्रीसमधल्या डोरिस भागातल्या किटेनियॉन या लहानशा गावाचे वकील समुद्र ओलांडून तिथं आले. गावाची पार दैना झाली होती. भूकंपात तटबंदी खचली होती. तरणी पोरं डेल्फीच्या देवळाच्या राखणीला गेलेली, आणि नेमका तेव्हाच मॅसिडोनियाचा राजा अँटिगोनस चालून आला. त्यानं उरलासुरला तट पाडला, घरं जाळली. तट पुन्हा बांधायचा तर पैसा हवा होता.

आता झॅन्थॉस काही या गावाचं शेजारी नव्हतं. मग मागायला इतक्या लांब का यायचं? तर नात्यामुळं. वकिलांनी सभेत मांडलं ते साधारण असं : लेटो देवीनं अपोलो आणि आर्टेमिस या जुळ्यांना जन्म दिला तो तुमच्या भूमीत. त्या अपोलोचा मुलगा, वैद्यकाचा देव अॅस्क्लेपियस, जन्मला आमच्या डोरिसमध्ये. शिवाय तुमच्याकडून बाहेर पडलेल्या वसाहतकऱ्यांवर शत्रू चालून आला तेव्हा आमचा अॅलेटीस, हेराक्लीसच्या वंशातला, मदतीला धावला आणि त्यानं तुमच्याच घराण्यातली मुलगी केली. म्हणजे आपण सोयरे. अडचणीत सोयऱ्यानं सोयऱ्याला मदत करायची असते.

झॅन्थॉसच्या सभेनं हे सगळं ऐकून घेतलं आणि मान्य केलं. पण त्यांचीही तिजोरी रिकामी होती. शहरावर कर्ज होतं, आणि नऊ वर्षं नवी वर्गणी बसवायची नाही असा ठरावही झालेला होता. शेवटी त्यांनी पाचशे द्राख्मा (ग्रीकांचं चांदीचं नाणं) कर्जाऊ काढले आणि पाहुण्यांच्या हातावर ठेवले. एवढ्यात तट काही उभा राहिला नसता. तरी दिले, कारण नातं मान्य केल्यावर रिकाम्या हातानं पाठवणं बरं दिसलं नसतं. मग हा सगळा वृत्तांत, वंशावळीसकट, दगडावर कोरून लेटोच्या देवळात लावला. तो दगड सापडला आहे, म्हणूनच आपल्याला हे कळतं.

ग्रीक पुराणकथा म्हटलं की आपल्याला आठवतात त्या झ्यूसच्या भानगडी, मेडूसाचे साप, ट्रॉयचा लाकडी घोडा. त्या काळच्या माणसाला या कथांचा आणखी एक उपयोग होता, तो रोजच्या व्यवहारातला. ही जमीन कुणाची, कोण आपला आणि कोण परका, राज्य करायचा हक्क कुणाला, युद्धात कुणाच्या बाजूनं उभं राहायचं, या प्रश्नांवर दाखवायला त्यांच्याकडे पुराणकथा असे. आपल्याकडे बांधावरून वाद झाला की सातबारा काढतात, तसाच तो प्रकार. आणि सातबाऱ्यासारखीच तिच्यातही फेरफाराची सोय असे. नवा मुलगा, नवं लग्न, एखादा वगळलेला भाऊ अशा नोंदी मागाहून चढवता येत. मात्र अख्खा उतारा नव्यानं रचून चालत नसे. आधीच्या नोंदीला, म्हणजे ट्रॉयच्या युद्धाचं महाकाव्य रचणाऱ्या होमरला आणि सगळ्यांना ठाऊक असलेल्या कथांना, धरूनच फेरफार करावा लागे.

सॅलॅमिसच्या वादात हे स्वच्छ दिसतं. इ.स.पू. सहाव्या शतकात अथेन्स आणि शेजारचं मेगारा यांच्यात या बेटावरून बरंच भांडण चाललं. शेवटी निवाडा स्पार्टाच्या पाच पंचांकडे गेला. अथेन्सच्या बाजूनं तिथला पुढारी सोलोन उभा राहिला, आणि त्यानं पुरावा म्हणून काय दाखवलं? एक म्हणजे होमरच्या 'इलियड'मधल्या ओळी : सॅलॅमिसच्या अजॅक्सनं बारा जहाजं आणली आणि अथेन्सच्या फौजेशेजारी उभी केली. दुसरं, अजॅक्सच्या मुलांनी अथेन्सचं नागरिकत्व घेऊन बेट अथेन्सला देऊन टाकलं ही कथा. तिसरं, बेटावरच्या जुन्या कबरी. त्यांतले मृतदेह अथेन्सच्या रिवाजानं पश्चिमेकडे तोंड करून पुरलेले आहेत, मेगाराचे लोक पूर्वेकडे तोंड करून पुरतात, हा त्याचा मुद्दा. बेट अथेन्सला मिळालं.

मेगारावाले अर्थातच चिडले. अजॅक्सच्या जहाजांची ती ओळ सोलोननं, किंवा पुढचा हुकूमशहा पिसिस्ट्रॅटस यानं, मागाहून घुसडली असा बोभाटा त्यांनी केला. त्या जागी मूळ काय होतं हे सांगणारी स्वतःची ओळही त्यांच्याकडे तयार होती. मेगाराच्याच एका लेखकानं तर, आमचेही लोक पश्चिमेकडेच तोंड करून पुरतात, असं लिहून ठेवलं. पण होमरला पुरावा कसा मानायचा, असा प्रश्न दोन्ही बाजूंनी कुणीच काढला नाही. भांडण होतं ते प्रत कुणाची खरी एवढ्यावरच.

कागद कमी पडला तर हाडं होतीच. स्पार्टाला शेजारचं टेगिया काही केल्या जिंकता येईना. डेल्फीच्या देवळातून कौल आला की ट्रॉयवर गेलेल्या ग्रीकांचा सेनापती अॅगामेम्नॉन याचा मुलगा ऑरेस्टीस याची हाडं घरी आणा. इतिहासकार हेरोडोटस सांगतो, टेगियातल्या एका लोहाराच्या आवारात सात हात लांबीची शवपेटी निघाली. स्पार्टाच्या माणसानं त्या लोहाराकडून जागा भाड्यानं घेतली, कबर उकरली, हाडं पळवली आणि मग स्पार्टाची सरशी होत गेली. गोष्ट गमतीची वाटते, पण तिच्यात राजकारण पक्कं आहे. स्पार्टाचे लोक स्वतःला डोरियन म्हणवत, म्हणजे त्यांच्याच कथेप्रमाणे बाहेरून आलेले. अॅगामेम्नॉनचं घराणं मात्र मूळचं पेलोपोनीजचं, म्हणजे ग्रीसच्या याच दक्षिण भागातलं. त्या घराण्याची हाडं आपल्या मातीत आली की भोवतालच्या शहरांवर थोरलेपणा सांगायला तोंड मिळतं.

अथेन्सचा सेनापती कायमन यानं, इ.स.पू. ४७५च्या सुमारास, हेच जास्त थाटात केलं. स्कायरॉस बेटावर चाचे होते, आणि जहाजांच्या वाटेवरचं ते बेट अथेन्सला हवंही होतं. अथेन्सचा पुराणातला राजा थीसियस याच बेटावर मारला गेला अशी कथा होती, आणि डेल्फीचा कौलही हाताशी होता. कायमननं बेट घेतलं. पुढं प्लुटार्क लिहितो ते असं : एक गरुड एका टेकाडावर चोच मारताना, नखांनी माती उकरताना दिसला. तिथं खणलं तर थोराड बांध्याच्या माणसाची शवपेटी, शेजारी काशाचा भाला नि तलवार. कायमननं ती आपल्या युद्धनौकेवर घातली आणि अथेन्सला आणली. थीसियस स्वतःच परत येतोय अशा थाटात लोकांनी मिरवणुका काढल्या, बळी दिले, गावाच्या मध्यभागी त्याचं स्थान केलं. बेट अथेन्सच्या वसाहतीचं झालं आणि कायमनची लोकप्रियता वाढली. ते थीसियसचं स्थान पुढं पळून आलेल्या गुलामांचा आणि गांजलेल्यांचा आसरा झालं. राजकारण म्हणून सुरू झालेली गोष्ट कधीकधी अशीही कुणाच्या उपयोगी पडते.

खुद्द थीसियसचा प्रवासही बघण्यासारखा आहे. मिनोटॉर या बैलाच्या तोंडाच्या राक्षसाला मारणारा, बायका पळवणारा हा दांडगा वीर. पण अॅटिका प्रदेशातल्या विखुरलेल्या गावांना एका अथेन्सखाली आणलं ते त्यानं, असं मानलं जाई, आणि त्या एकीकरणाचा वार्षिक सणही होता. लोकशाही आली तसा हा राजा लोकशाहीवादी झाला! युरिपिडीसच्या एका नाटकात तो थीब्जच्या दूताला सुनावतो की इथं एका माणसाचं राज्य नाही, लोक पाळीपाळीनं कारभार करतात आणि गरिबालाही श्रीमंताइतकाच हक्क आहे. हे सगळं बोलतोय एक राजा, आणि प्रेक्षकांतल्या कुणाला त्यात वावगं वाटलं असेल असं दिसत नाही.

अथेन्सची सगळ्यांत परिणामकारक कथा मात्र याहून विचित्र आहे. हेफायस्टस, म्हणजे देवांचा लोहार, अथेना देवीच्या मागं लागला. ती निसटली. त्याचं वीर्य तिच्या मांडीवर सांडलं, ते तिनं लोकरीनं पुसून जमिनीवर टाकलं, आणि भूमीच्या पोटी एरिख्थोनियस जन्मला. अथेनानं त्याला वाढवलं, तो राजा झाला, आणि अथेन्सकर स्वतःला त्याचे वंशज म्हणवू लागले. अर्थ सरळ होता : बाकीचे ग्रीक कुठून ना कुठून आलेले, उपरे. आम्ही याच मातीतून उगवलेले.

मातीतून उगवलेल्या माणसांना गावात परकं रक्त मिसळलेलं चालत नाही. इ.स.पू. ४५१-५० मध्ये अथेन्सचा पुढारी पेरिक्लीस यानं कायदा केला की नागरिकत्व हवं तर आई आणि बाप दोघेही अथेन्सचे नागरिक हवेत. तोवर बाप पुरे होता. हा नियम आधीपासून असता तर पर्शियनांना सॅलॅमिसच्या लढाईत हरवणारा थेमिस्टोक्लीस नागरिक ठरला नसता, आणि हाडं आणणारा कायमनही नाही, कारण दोघांच्याही आया बाहेरच्या होत्या. पुढं साथीत पेरिक्लीसचे औरस मुलगे गेले, तेव्हा मिलीटसच्या अस्पेशियापासून झालेल्या आपल्या मुलासाठी त्यालाच लोकांकडे सवलत मागावी लागली. त्यांनी ती दिली.

हा कायदा कथेमुळं झाला असं मी म्हणणार नाही. नागरिकांना मिळणारे भत्ते, जमिनी, वाढती लोकसंख्या अशी कारणं होती. पण कायदा योग्य का, हे पटवून देण्याचं काम कथेनं केलं. युद्धात पडलेल्यांच्या सार्वजनिक अंत्यविधीत दरवेळी वक्ता उठे आणि आपण भूमिपुत्र असल्याचं सांगे. ऐकून ऐकून ते रक्तात भिनलं असणार.

या कथेत बाईला जागा नाही हेही ध्यानात घ्या. मूळ पुरुष जन्मतो तो बाईच्या पोटाशिवाय. रोमन विद्वान व्हॅरो यानं नोंदवलेली एक कथा तर अधिक उघड बोलते. शहराला अथेनाचं नाव द्यायचं की समुद्रदेव पोसायडनचं यावर मतदान झालं. पुरुषांनी पोसायडनला मतं दिली, बायकांनी अथेनाला, आणि बायका एकानं जास्त भरल्या. पोसायडन खवळला, पुराचं पाणी चढलं. त्याला शांत करायला बायकांना शिक्षा झाली : पुढं त्यांना मत नाही, मुलाला आईचं नाव नाही, आणि त्यांना अथेन्सकर म्हणायचं नाही. बायकांना मत का नाही याचं उत्तर असं तयार मिळे. एकदा दिलं होतं, बघा काय झालं!

या सगळ्यावर सगळेच भाळून होते असं मात्र नाही. प्लेटोनं आपल्या आदर्श राज्यासाठी नेमकी अशीच मातीतून जन्मल्याची कथा सुचवली, आणि हे असत्य आहे, पण उपयोगाचं आहे, असं उघड म्हटलं. लोक विश्वास ठेवतील का, असं विचारल्यावर त्याच्या संवादातलं उत्तर असं : ही पिढी नाही ठेवणार, पुढच्या ठेवतील.

लढाईच्या मैदानावरही हेच. इ.स.पू. ४७९, प्लाटीया. समोर पर्शियन फौज, आणि ग्रीकांच्या डाव्या फळीवर कुणी उभं राहायचं यावरून टेगिया आणि अथेन्स भांडताहेत. मानाची जागा ती. टेगियावाले म्हणतात, आमच्या राजानं द्वंद्वात हेराक्लीसच्या मुलाला मारलं होतं. अथेन्सवाले म्हणतात, त्याच हेराक्लीसच्या पोरांना सगळ्यांनी हाकललं तेव्हा आसरा आम्ही दिला, आणि अॅमेझॉन बायकांची स्वारी परतवली तीही आम्हीच. एवढं सुनावून झाल्यावर ते म्हणतात, पण जुन्या गोष्टी उगाळून काय फायदा, मॅरॅथॉनला पर्शियनांशी आम्ही एकटे लढलो ते बघा. मान त्यांना मिळाला. हेरोडोटसचा हा प्रसंग मला फार खरा वाटतो. आधी पुराणं काढायची आणि मग पुराणं काढू नका म्हणायचं, हे भाषण आपणही ऐकलेलं असतं.

अलेक्झांडर याच हवेत वाढला. बापाकडून तो हेराक्लीसच्या वंशातला, आईकडून ट्रॉयच्या युद्धातला वीर अकिलीस याच्या. मॅसिडोनियाच्या राजांना या वंशावळीची गरज होती, कारण दक्षिणेकडचे ग्रीक त्यांना ग्रीक मानायला राजी नसत. त्याचा एक पूर्वज ऑलिंपिक शर्यतीत उतरला तेव्हा बाकीच्यांनी हरकत घेतली, आणि घराणं दक्षिण ग्रीसमधल्या आर्गॉसचं असल्याचं त्याला दाखवावं लागलं. अथेन्सचा वक्ता डेमॉस्थेनिस तर अलेक्झांडरचा बाप फिलिप याला उद्देशून म्हणाला होता की हा धड चांगल्या मुलखातला रानटीही नाही. इ.स.पू. ३३४ मध्ये आशियात पाऊल टाकल्यावर अलेक्झांडर आधी ट्रॉयला गेला, अकिलीसच्या थडग्याला मान दिला, अथेनाच्या देवळातलं जुनं चिलखत उचललं. स्वतःच्या स्वारीला तो ट्रॉयच्या युद्धाचा पुढचा भाग करत होता.

हीच युक्ती पुढं लोकांनी त्याच्यावर वापरली. काबूल आणि सिंधू या नद्यांच्या मधल्या टापूत नायसा नावाचं गाव लागलं. गावाचे लोक भेटीला आले आणि म्हणाले, आमचं गाव मद्याचा देव डायोनिससनं वसवलंय, या मुलखात दुसरीकडे कुठं न उगवणारी त्याची आयव्हीची वेल इथं उगवते हीच खूण, तेव्हा आम्हाला स्वतंत्र राहू द्या. अलेक्झांडरला ते आवडलं. डायोनिसस इथवर आला असेल तर आपण त्याच्याही पुढं जाणार, हा हिशेब होता. त्यानं गावाला हात लावला नाही. इतिहासकार एरियन हे सांगताना म्हणतो की देवांच्या जुन्या गोष्टी फार खोदून तपासू नयेत. ज्यांनी ही शक्कल लढवली त्यांची हुशारी मात्र दाद देण्यासारखी. ग्रीक सत्तेशी बोलायचं तर ग्रीक देवाच्या नात्यातून, हे त्यांनी चटकन ओळखलं.

कोल्हापूरच्या ब्रह्मपुरीत सापडलेली पोसायडनची काशाची छोटी मूर्ती पुष्कळांनी टाऊन हॉल संग्रहालयात पाहिली असेल. ती आली रोमन व्यापाराच्या ओघात, एक सुबक वस्तू म्हणून. त्या देवाशी आपल्याकडे कुणी नातं सांगितलं नाही. सांगून मिळवण्यासारखं काही नव्हतं.

रोमकडे वळलं की सगळा नूरच पालटतो. रोमनांनी आपला मूळ पुरुष निवडला तो हरलेल्या बाजूचा. ट्रॉय पडलं, जळत्या शहरातून इनियस म्हाताऱ्या बापाला खांद्यावर घेऊन निघाला, भटकत इटलीला पोचला, आणि त्याच्या वंशात रोम वसवणारा रोम्युलस झाला. इनियसला रोमशी जोडलं ते आधी ग्रीक लेखकांनीच, पण रोमनांनी ते आनंदानं उचललं, कारण सोयीचं होतं. होमरच्या जगात जागा मिळत होती, म्हणजे रानटी म्हणून हिणवलं जाणं टळत होतं, आणि तरी ग्रीक व्हावं लागत नव्हतं. एकच अडचण होती. ट्रॉयचा पाडाव ग्रीक गणनेनं इ.स.पू. ११८४चा आणि रोमची स्थापना ७५३ची. मध्ये चारशेहून जास्त वर्षं मोकळी. ती भरायला आल्बा लाँगाच्या राजांची एक लांबलचक यादी तयार झाली.

शत्रूंनी आणि मित्रांनी दोघांनीही हे नातं गांभीर्यानं घेतलं. एपिरसचा पिऱ्हस अकिलीसचा वंशज म्हणवे. तो रोमवर चालून निघाला तेव्हा आपण ट्रॉयच्या वसाहतीवर निघालोय हे त्याच्या मनात होतं, असं पॉसेनियस सांगतो. सिसिलीतल्या सेगेस्टानं इ.स.पू. २६३च्या सुमारास रोमचा शत्रू असलेल्या कार्थेजची शिबंदी कापून काढली आणि आम्हीही इनियसचेच म्हणत रोमची बाजू धरली. पुढं सेगेस्टा करमुक्त शहरांत मोडत असे. पश्चिम ग्रीसमधल्या अॅकर्नेनियाच्या लोकांनी तर कमालच केली. त्यांना नातं सांगता येईना, तेव्हा त्यांनी मदत मागताना सांगितलं की ट्रॉयविरुद्धच्या युद्धात सगळ्या ग्रीकांत फक्त आम्ही नव्हतो. ट्रॉयच्या जागेवरच्या इलियम गावाला रोमनांनी इ.स.पू. १८८ मध्ये जास्तीची जमीन दिली, आणि रोमन इतिहासकार लिव्ही स्पष्ट लिहितो की ती हल्लीच्या कामगिरीपेक्षा मूळ स्थानाची आठवण म्हणून.

नात्याला मर्यादाही होत्या. इ.स.पू. ८५ मध्ये फिंब्रिया हा रोमन सेनापती इलियमच्या वेशीवर आला. गावानं त्याच्या रोमन विरोधकाकडे, सुल्लाकडे, संरक्षण मागितलं होतं. फिंब्रिया म्हणाला, मीही रोमनच, तुमचा भाऊबंद, आत घ्या की. त्यांनी घेतलं. आत येऊन त्यानं कत्तल केली आणि गाव जाळलं.

इनियसची कथा बाहेरच्या जगासाठी जास्त चाले. रोमच्या आतला स्वभाव कळतो तो रोम्युलसच्या कथेतून, आणि इथं अथेन्सशी असलेला फरक डोळ्यांत भरतो. लांडगीनं पाजलेली जुळी पोरं, रोम्युलस आणि रेमस. एकानं दुसऱ्याला ठार केलं आणि गाव वसवलं. गावाला माणसं नव्हती, तेव्हा रोम्युलसनं कॅपिटोल टेकडीवर आसरा उघडला. कर्जबुडवे, पळालेले गुलाम, परागंदा, कुणीही या. बायका नव्हत्या, तेव्हा शेजारच्या सॅबाइन लोकांच्या मुली सणाला बोलावून पळवल्या. पुढं त्या मुलीच बाप नि नवरे यांच्यामध्ये उभ्या राहिल्या आणि दोन्ही गावं एक झाली. जगात क्वचितच कुणी आपल्या गावाची स्थापना भाऊहत्या, गुंडांची भरती आणि बायकांची पळवापळवी अशी सांगत असेल. ज्युव्हेनल हा उपरोधी कवी खानदानी रोमनांना चिडवतो की तुमचं कुळ कितीही मागं न्या, शेवटी ते त्याच बदनाम आसऱ्याशी जाऊन थांबतं, आणि तुमचा मूळ पुरुष एकतर मेंढपाळ, नाहीतर जे मला बोलवत नाही ते.

शत्रूंना ही कथा म्हणजे फुकटचं हत्यार होतं. पाँटसचा राजा मिथ्रिडेटीस आपल्या सैन्याला सांगे म्हणतात की यांचे मूळ पुरुष लांडगीच्या दुधावर वाढले, हे सगळे लांडग्याच्या काळजाचेच. इ.स.पू. ९१ मध्ये इटलीतले मित्रगण नागरिकत्वासाठी रोमवर उठले, तेव्हा त्यांनी स्वतःची चांदीची नाणी पाडली. त्यांतल्या एका नाण्यावर बैल लांडगीला शिंगांखाली चिरडतोय. बैल हे इटलीचं चिन्ह. लढाई रोमनं जिंकली, पण नागरिकत्व द्यावं लागलं.

आसऱ्याच्या कथेतून निघणारा युक्तिवाद सगळ्यांत ठासून मांडला तो सम्राट क्लॉडियसनं. इ.स. ४८ साली गॉलमधले म्हणजे आजच्या फ्रान्समधले सरदार सिनेटमध्ये जागा मागत होते आणि जुने सिनेटर नाकं मुरडत होते. हे ते गॉल, ज्यांच्या बापजाद्यांनी सीझरला वेढा घातला होता. इतिहासकार टॅसिटसनं नोंदवलेल्या भाषणात क्लॉडियस विचारतो, शस्त्रांत एवढे बळकट असून स्पार्टा आणि अथेन्स का बुडाले? जिंकलेल्यांना परके म्हणून दूर ठेवलं म्हणून. आमचा रोम्युलस एवढा शहाणा की काही लोक त्याला सकाळी शत्रू होते आणि त्याच दिवशी नागरिक झाले. याच भाषणाचा काशाच्या पत्र्यावर कोरलेला मजकूर १५२८ मध्ये लिऑन शहरात सापडला. त्यात तो राजांची नावंच मोजून दाखवतो : रोम्युलसनंतरचा न्यूमा सॅबाइन, पुढचा टार्क्विनियस करिंथहून आलेल्या माणसाचा मुलगा, सर्व्हियस टुलियस बंदिवान बाईच्या पोटचा. गॉलमधल्या एड्युई जमातीला आधी जागा मिळाली, बाकीच्यांना वाट खुली झाली.

याचा अर्थ रोमन फार उदार होते असा घेऊ नका. गुलामांवर आणि लुटीवर चाललेलं ते साम्राज्य होतं. पण जिंकलेल्या माणसाला आत ओढून घेण्याची सवय त्यांच्याकडे होती, आणि त्या सवयीला आधार द्यायला त्यांची स्थापनाकथा होती. अथेन्सच्या कथेतून असा आधार निघालाच नसता.

ज्युलियस सीझरनं ही सार्वजनिक मालमत्ता घराण्याच्या नावावर करून घेतली. इनियसच्या मुलाचं एक नाव इयुलस, त्यावरून ज्युलियस घराणं, आणि इनियसची आई व्हीनस देवी. इ.स.पू. ६९ मध्ये आत्याच्या अंत्यविधीत तरुण सीझर बोलला की तिचं आजोळ राजांचं आणि माहेर देवांचं. पुढं यादवी युद्धात पाडलेल्या त्याच्या नाण्यावर एका बाजूला व्हीनसचं मुख आणि दुसऱ्या बाजूला बापाला खांद्यावर घेतलेला इनियस आहे. हे नाणं शिपायाच्या पगारातून खेडोपाडी जाई. इ.स.पू. ४६ मध्ये सीझरनं रोममध्ये 'आदिमाता व्हीनस'चं देऊळही बांधलं.

त्याचा दत्तक मुलगा, रोमचा पहिला सम्राट ऑगस्टस, जास्त सावध. त्याला रोम्युलस हे नाव घ्यायचा मोह झाला होता. पण त्या नावाला राजेपणाचा वास, आणि रोममध्ये राजा हा शब्द म्हणजे शिवी. शिवाय होरेससारखा कवी यादवीचं खापर रेमसच्या रक्ताच्या शापावर फोडून मोकळा झालेला. भावाभावांच्या लढाया जिंकून वर आलेल्या माणसाला ते नाव झेपलं नसतं. त्यानं 'ऑगस्टस' घेतलं. इ.स.पू. २ मध्ये उघडलेल्या आपल्या चौकात त्यानं दोघांनाही बसवलं : एका बाजूला इनियस, आल्बाचे राजे आणि ज्युलियस घराणं, समोर रोम्युलस आणि प्रजासत्ताकाचे थोर पुरुष. सीझरच्या नाण्यावर नसलेला इनियसचा लहान मुलगा इथं बापाचं बोट धरून होता. चौकात आलेला माणूस एक फेरी मारून बाहेर पडला की सगळा इतिहास ऑगस्टसपाशी येऊन टेकल्यासारखा वाटावा, अशी ती रचना.

व्हर्जिलचं 'इनीड' हे इनियसवरचं महाकाव्य याच वर्षांतलं. इ.स.पू. १९ मध्ये कवी गेला तेव्हा ते अपुरं होतं. त्यात ज्युपिटर रोमनांना अंत नसलेलं साम्राज्य बहाल करतो, आणि इनियसच्या ढालीवर ऑगस्टसनं जिंकलेली अॅक्टियमची लढाई आधीच कोरलेली असते. कार्थेजची राणी डिडो इनियसच्या प्रेमात पडते, तो सोडून जातो, ती मरताना शाप देते, आणि कार्थेजशी झालेल्या तीन युद्धांना कारण मिळतं. रूढ कालगणनेनं कार्थेज वसलं तेच ट्रॉयनंतर साडेतीनशेहून जास्त वर्षांनी, पण ते कोण मोजतो! तरी याला निव्वळ सरकारी भाटगिरी म्हणणं मला पटत नाही. शेवटच्या ओळींत इनियस शरण आलेल्या शत्रूला रागाच्या भरात मारतो, आणि काव्य तिथंच थांबतं. खूश करायला लिहिणारा कवी असा शेवट करत नाही.

तेव्हाच्या विचारी माणसाला यातलं किती खरं वाटे? लिव्ही ऑगस्टसच्या डोळ्यांदेखत लिहीत होता. इयुलस नेमका कुणाच्या पोटचा, यावर तो म्हणतो, इतक्या जुन्या गोष्टीची खात्री कोण देणार? आणि प्रस्तावनेत त्याचा सूर असा : आपला मूळ पुरुष देवाचा मुलगा असं सांगायचा हक्क कुणाला असेलच तर तो रोमला आहे, आणि जगातले लोक आमची सत्ता मुकाट्यानं सोसतात तसं हेही सोसून घेतील. वंशावळ खरी आहे म्हणून सत्ता मिळाली, असं तो म्हणत नाही. सत्ता आहे म्हणून वंशावळ चालते. इतकं स्पष्ट त्या काळात क्वचितच कुणी लिहिलं असेल.

वंशावळ अंगावरही येई. सम्राट नीरोनं आपल्या आईचा खून करवला, तेव्हा रोमच्या गल्लीत दोन ओळी फिरू लागल्या : नीरो इनियसच्या थोर कुळातला नाही असं कोण म्हणेल? त्यानं बापाला उचललं, यानं आईला.

साम्राज्य गेलं, पण हा उद्योग थांबला नाही. फ्रँक लोकांनी सातव्या शतकापासून ट्रॉयचं कूळ सांगायला सुरुवात केली. ब्रिटनसाठी इनियसचा पणतू ब्रूटस शोधला गेला. १३०१ साली इंग्लंडचा राजा पहिला एडवर्ड यानं स्कॉटलंडवरचा हक्क पोपला पत्रानं कळवताना हाच ब्रूटस पुढं केला : त्यानं बेट तीन मुलांना वाटलं, स्कॉटलंड मधल्याकडे गेलं, पण थोरल्याच्या ताब्याखाली. स्कॉटलंडच्या वकिलांनी उलट उत्तर दिलं की आमचा ब्रूटसशी संबंध नाही, आम्ही इजिप्तच्या फॅरोची मुलगी स्कोटा हिचे. दोन्ही कागद रीतसर पोपच्या दरबारात दाखल झाले.

विसाव्या शतकात मुसोलिनीनं सगळं एकदम बाहेर काढलं. १९३७ मध्ये ऑगस्टसच्या जन्माला दोन हजार वर्षं होत आली म्हणून रोममध्ये प्रचंड प्रदर्शन भरवलं. सहा ते आठ वर्षांच्या मुलांच्या फॅसिस्ट पथकाला 'लांडगीची मुलं' असं नाव होतं. आणि जुलै १९३८ मध्ये इटालियन वंश शुद्ध आहे आणि ज्यू त्यात बसत नाहीत, असा जाहीरनामा निघाला. कथा रोमची, लांडगीही रोमची, पण तिच्या तोंडी घातलेला दावा अथेन्सच्या भूमिपुत्रांचा. आसरा, सॅबाइन, सकाळचे शत्रू नि त्याच दिवशीचे नागरिक, हे सगळं गाळून टाकलेलं. रोममधले ज्यू सीझरच्याही आधीपासूनचे रहिवासी. सीझरला जाळलं त्या जागी रात्रीमागून रात्री येऊन शोक करणाऱ्यांत ते होते, असं सुएटोनियस लिहितो. १९३८च्याच सप्टेंबरपासून त्यांच्या मुलांना सरकारी शाळांची दारं बंद झाली.